वाचकांचे प्रश्न : गॅसवर चालणारे हवातापक कुठे आणि कसे बसवावेत?

दिवाळी सरली की नाशिकच्या हवेत गारठा उतरतो आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी बहुतेक वर्षी वाचायला मिळते. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेच्या पाळीला काम करणाऱ्यांचे हात त्या दिवसांत अक्षरशः वळत नाहीत, आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांत कारखाने, कार्यालये, मंगल कार्यालये आणि कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये गॅसवर चालणारे हिटर बसवण्याकडे कल वाढला आहे. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे याच विषयाची आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात हिटर किती क्षमतेचा घ्यावा आणि कुठे टांगावा हे विचारले आहे. जळण्यासाठी लागणारी हवा कुठून येणार आणि जळून झालेला धूर कुठून जाणार, हे मात्र एकाही पत्रात विचारलेले नाही. माझ्या मते या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून झाल्याशिवाय हिटरची ऑर्डरच देऊ नये. त्यामुळे खालील उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिकडे वळलो आहे, याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे सुटे भाग बनवण्याचे छोटे युनिट आहे. शेड २० मीटर लांब, १२ मीटर रुंद असून पत्र्याची उंची मध्यभागी सुमारे ६ मीटर आहे. एका कोपऱ्यात भाग धुण्याची टाकी आहे, त्याला लागून रंगकामाची जागा असून तिथे मोठा एक्झॉस्ट पंखा आहे. ३० किलोवॉट क्षमतेचा, छताला टांगायचा गॅस हिटर घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे धुराड्याची गरज नाही. हे बरोबर आहे का, आणि हिटर नेमका कुठे टांगावा?
— एक लघुउद्योजक, अंबड

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे आपल्या शेडपुरते तरी मान्य करू नये. गॅसचे हवातापक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात ज्योतीवरून गेलेली हवा, ज्वलनातून निघालेल्या वायूंसकट, थेट खोलीत सोडली जाते. दुसऱ्या प्रकारात ज्योत बंद कक्षात जळते, तिची उष्णता धातूच्या भिंतीतून खोलीतल्या हवेला मिळते आणि धूर धुराड्यावाटे छताबाहेर जातो. माणसे दिवसभर काम करतात अशा बंद जागेसाठी दुसराच प्रकार घ्यावा.

गॅस स्वच्छ जळतो म्हणजे काय होते, हे आपल्याच हिटरच्या आकड्यांनी पाहू. ३० किलोवॉटचा हिटर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो एलपीजी जाळतो. तेवढा गॅस जळण्यासाठी किमान २८ ते ३० घनमीटर हवा लागते, आणि त्यातून सुमारे ७ किलो कार्बन डायऑक्साइड व पावणेचार लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. आठ तासांच्या पाळीत हे पाणी ३० लिटरच्या घरात जाते. धुराडे नसेल तर ही सगळी वाफ आपल्या थंड पत्र्याला आतून लागेल, तिथे तिचे थेंब होतील आणि ते यंत्रांवर, तयार मालावर व विजेच्या बोर्डांवर टपकतील. हे सारे ज्वलन उत्तम असतानाचे झाले. हवा कमी पडली की त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, ज्याला रंग नाही, वास नाही आणि जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २०० भाग असले तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भाग असले तर पाऊण तासात मळमळ आणि चक्कर येते व दोन-तीन तासांत माणूस दगावू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका शेडमध्ये मला बोलावले होते. दुपारच्या जेवणानंतर कामगारांची डोकी दुखतात, सुट्टीच्या दिवशी मात्र कोणाला काही होत नाही, अशी तक्रार होती आणि मालकांचा संशय रंगाच्या वासावर होता. धुराड्याची टोपी काढली तेव्हा आत पारव्याचे घरटे निघाले : काड्या, सुतळीचे तुकडे, पिसे, सगळे काजळीने काळे झालेले. पावसाळ्यात हिटर बंद असताना पाखरांनी तिथे संसार मांडला होता आणि थंडी सुरू होताच कोणी वर न पाहता बटण दाबले होते. रविवारी हिटर बंद, म्हणून डोकेदुखीही बंद. असा नमुना दिसला की वासाच्या मागे न लागता आधी हिटर बंद करावा, दारे उघडावीत, माणसांना बाहेर काढावे आणि मगच कारण शोधावे.

धुराडे हिटरपासून शक्य तितके सरळ वर न्यावे. आडवा पाइप जितका लांब आणि वळणे जितकी जास्त, तितका धूर वाटेत थंड होतो, त्याचा ओढा मंदावतो आणि आत पाणी साचून पाइप गंजतो. वरचे टोक पत्र्याच्या कण्यापेक्षा उंच न्यावे. नाहीतर छतावरून वाहणारा वारा धूर परत आत ढकलतो. टोपीला पाखरे शिरणार नाहीत अशी मोठ्या छिद्रांची जाळी लावावी, पण मच्छरदाणीसारखी बारीक जाळी नको, कारण ती काजळीने बुजते. पाइप पत्र्यातून जातो तिथे दुहेरी भिंतीचा पाइप वापरून भोवती मोकळी जागा ठेवावी.

आता आपल्या शेडमधला खरा पेच. रंगकामाचा एक्झॉस्ट पंखा शेडमधली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा कुठून तरी आत ओढतो. थंडीमुळे शटर आणि खिडक्या बंद असतील तर त्याला सर्वांत सोपी वाट धुराड्याचीच असते, आणि मग वर जाणारा धूर उलटा खाली उतरतो. म्हणून भिंतीत कायम उघड्या राहणाऱ्या जाळ्या हव्यात, त्यांचे क्षेत्रफळ पंखा आणि हिटर दोहोंचा विचार करून ठरवावे, आणि त्या बंद करता येणार नाहीत अशाच बसवाव्यात. बंद करता येणारी जाळी जानेवारीच्या पहिल्या गारठ्यात पुठ्ठा लावून बंद होते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. धूर पंख्याशिवाय, केवळ गरम असल्यामुळे आपोआप वर जातो अशा धुराड्याचा हिटर असेल तर एक साधी चाचणी करावी : सर्व दारे-खिडक्या लावाव्यात, एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने सुरू करावा, हिटर पेटवून पाच-दहा मिनिटे चालू द्यावा आणि मग हिटरच्या धूर बाहेर जाण्याच्या उघड्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. उदबत्तीचा धूर त्या तोंडातून धुराड्याकडे ओढला गेला तर ठीक. तो उलट शेडमध्ये लोटला गेला तर हिटर तत्काळ बंद करावा. हीच चाचणी रंगकामाच्या हवेत वाफ नसताना, म्हणजे रंगाचे काम थांबवून आणि डबे हलवून करावी, हे वेगळे सांगायला नको.

धुण्याच्या टाकीत ट्रायक्लोरोएथिलीनसारखा क्लोरिनयुक्त द्रावक असेल तर त्याची वाफ ज्योतीत जाऊन हायड्रोक्लोरिक आम्ल बनते, जे हिटरचा उष्णता देणारा भाग आतून खाऊन टाकते आणि त्याला छिद्रे पाडते. शिवाय अत्यंत विषारी वायूही तयार होऊ शकतात. आपल्या शेडसाठी मी असा हिटर सुचवेन जो ज्वलनाची हवाही पाइपने बाहेरून घेतो आणि धूरही पाइपने बाहेर सोडतो, म्हणजे शेडमधल्या हवेशी ज्योतीचा संबंधच राहत नाही. त्यात वर सांगितलेला एक्झॉस्ट पंख्याचा पेचही सुटतो. तरीही हिटर रंगकामाच्या आणि टाकीच्या विभागात टांगू नये. तो विभाग भिंतीने वेगळा करावा.

टांगण्याची जागा ठरवताना हिटरचा भार लोखंडी कैचीवर किंवा तिला जोडलेल्या आडव्या तुळईवर घ्यावा, पत्रा ज्यावर बसतो त्या पट्ट्यांवर नव्हे. चारही कोपऱ्यांना आट्यांच्या सळ्या लावून दुहेरी नट घट्ट करावेत. हिटरचा तळ जमिनीपासून किमान अडीच मीटर उंच असावा. पण फार उंच टांगला तर गरम हवा पत्र्याखालीच अडकते आणि जमिनीवरचे हात गारच राहतात. आपल्याकडे क्रेन किंवा फोर्कलिफ्ट असेल तर तिचा सर्वांत उंच भाग कुठून जातो ते आधी खडूने जमिनीवर आखून घ्यावे. हवेचा झोत बाहेरच्या भिंतीला समांतर सोडावा, थेट माणसांवर किंवा शटरकडे नको. भोवतालच्या वस्तूंपासून किती अंतर सोडायचे हे प्रत्येक हिटरच्या पाटीवर लिहिलेले असते आणि तेच पाळावे. आज मोकळ्या असलेल्या जागेत सहा महिन्यांनी खोक्यांची चळत उभी राहते, म्हणून तेवढी हद्द पिवळ्या रंगाने आखून ठेवावी. हिटरपर्यंत पाइप लोखंडी आणि पक्का असावा, हिटरजवळ हाताला येईल असा बंद करण्याचा कॉक असावा आणि दुसरा मुख्य कॉक शेडच्या बाहेर असावा. जोडांची गळती साबणाच्या पाण्यानेच तपासावी.

सिलिंडरची जागा शेडच्या बाहेर, सावलीत, मोकळ्या हवेत आणि जमिनीच्या पातळीवर असावी. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे तो गटारीत, खड्ड्यात आणि तळघरात उतरून बसतो, म्हणून जवळपास यांपैकी काहीही नको. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजी सिलिंडरमध्ये ठेवण्यासाठी परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर चालतात, सहावा आला की ११४ किलो होतात आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. या मोजणीत भरलेले आणि जोडलेले दोन्ही धरावेत. पहाटे सिलिंडरवर बर्फ धरू लागला तर त्याचा अर्थ एका सिलिंडरमधून झेपत नाही इतका गॅस ओढला जातो आहे. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे किंवा त्याच्याखाली काही पेटवणे हे दोन्ही प्राणघातक आहे. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो. जोडसंच करून दोन-तीन सिलिंडर एकत्र चालवावेत.

प्रश्न : आमच्या सातपूरच्या गोदामात हिटर सतत चालू-बंद होतो. मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट बदला. बदलावा का?
— गोदाम व्यवस्थापक, सातपूर

उत्तर : बदलण्यापूर्वी तो कुठे आहे ते पाहावे. आपण पाठवलेल्या रेखाटनात तो हिटरच्या झोतासमोरच्या खांबावर दिसतो, त्यामुळे गोदाम गार असतानाच त्याला स्वतःला ऊब मिळते आणि तो हिटर बंद करतो. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, झोत, ऊन आणि दरवाजा या तिघांपासून दूर तो लावून पाहावा.

प्रश्न : गंगापूर रोड परिसरात आमचे मंगल कार्यालय आणि लॉन आहे. डिसेंबरच्या लग्नांत पाहुण्यांसाठी मंडप व्यावसायिकांकडून छत्रीच्या आकाराचे गॅस हिटर भाड्याने घेतो. थंडी फार असली तर मंडपाच्या बाजू कापडाने बंद करतो, आणि गेल्या वर्षी दोन हिटर सभागृहातही ठेवले होते. काही अपाय झाला नाही. तरी विचारावेसे वाटले.
— कार्यालयाचे संचालक

उत्तर : विचारलेत हे फार चांगले केलेत. छत्रीचा हिटर हा उघड्यावरचा हिटर आहे. त्याला धुराडे नसते आणि त्याच्या बुंध्यातच सिलिंडर असतो, त्यामुळे तो सभागृहात ठेवणे म्हणजे माणसांनी भरलेल्या खोलीत ज्वलनाचा सगळा धूर आणि गॅसचा साठा दोन्ही आणून ठेवणे होय. सभागृहात तो पुन्हा ठेवू नये, मग लग्न कोणाचेही असो.

कापडाने चारही बाजू बंद केलेला मंडप हा माझ्या लेखी मंडप नसून खोलीच आहे. मंडपात हिटर ठेवायचाच असेल तर किमान दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण उघड्या असाव्यात, हिटरच्या डोक्यापासून छताचे कापड आणि झालरी किमान एक मीटर दूर असाव्यात आणि हिटरच्या पाटीवर सांगितलेल्या अंतरापेक्षा जवळ काहीही नसावे. पाटी नसलेला हिटर भाड्याने घेऊ नये. जेवणाच्या रांगेजवळ, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर हिटर नको. पंगतीत वाकून वाढणाऱ्या बाईंचा पदर किती लांब जातो हे एकदा प्रत्यक्ष उभे राहून पाहावे आणि मग जागा ठरवावी. हिटर कलंडला तर आपोआप बंद होतो का, हे भाड्याने घेतानाच, सिलिंडर जोडण्यापूर्वी विचारावे, आणि त्यात घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लावलेला आढळला तर तो परत पाठवावा. व्यवसायासाठी तो वापरणे बेकायदेशीर आहे. प्रत्येक हिटरसाठी एक माणूस जबाबदार ठरवून त्याच्या हाती अग्निशामक नळकांडे द्यावे.

सभागृहासाठी उत्तम सोय अशी की हिटर भिंतीबाहेर मोकळ्यावर ठेवावा, त्याचा धूर तिथेच वर जावा आणि फक्त गरम झालेली स्वच्छ हवा रुंद पाइपातून आत यावी. असे संच मिळतात. खर्च अधिक आहे, पण एकदा केलेली सोय अनेक हंगाम पुरते.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची कोंबड्यांची शेड आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ऊब देण्यासाठी गॅसचे ब्रुडर लावतो आणि रात्री पडदे पूर्ण बंद ठेवतो. पिल्ले सुस्त पडतात, काही मरतात. रात्री राखणीसाठी मुलगा शेडमध्येच झोपतो.
— एक शेतकरी

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याचे उत्तर देतो, कारण तेच सर्वांत तातडीचे आहे. आजपासून मुलाला शेडमध्ये झोपू देऊ नका. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी कळत नाही, आणि पिल्ले ज्या हवेत सुस्त पडतात तीच हवा तो रात्रभर घेत आहे. राखणीची खाट शेडबाहेर टाका आणि दर दोन तासांनी फेरी मारण्याची सोय करा.

पिल्लांच्या पातळीवर पहिल्या दिवसांत ३२ ते ३४ अंश तापमान लागते हे खरे, पण ते मिळवण्यासाठी हवा कोंडणे हा उपाय नव्हे. पडद्याच्या वरच्या कडेला सबंध लांबीभर वीतभर फट उघडी ठेवा. ऊब पिल्लांच्या जागेपुरती राहावी म्हणून ब्रुडरभोवती गोल कडे करा आणि संपूर्ण शेड तापवण्याचा प्रयत्न सोडा. पिल्ले ब्रुडरखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, कड्याला चिकटून बसली तर जास्त आहे, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर आहे. तापमापकाइतकाच हा पुरावा विश्वासाचा आहे. ब्रुडर दोन साखळ्यांवर टांगा, म्हणजे एक निसटली तरी तो भुशावर पडणार नाही, आणि त्याचा भार गॅसच्या नळीवर कधीही येऊ देऊ नका. बर्नरमध्ये भुशाची धूळ जाऊन ज्योत पिवळी झाली की तो उतरवून साफ करा. निळी ज्योत हवी.

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या इमारतीत पाइपलाइनचा नैसर्गिक वायू मिळणार आहे. सध्या एलपीजीवर चालणारा हिटर आणि गॅस गळती सांगणारे यंत्र आहे. फक्त नळी बदलून चालेल ना?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : चालणार नाही. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते, म्हणून दोन्हींच्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र वेगळे असते. एलपीजीचा जेट तसाच ठेवला तर ज्योत मरतुकडी राहील. याउलट नैसर्गिक वायूसाठी केलेल्या हिटरला कोणी एलपीजी जोडला तर गरजेपेक्षा किती तरी जास्त गॅस बाहेर येईल, काजळी धरेल आणि कार्बन मोनॉक्साइड वाढेल. जेट, दाबाचे नियंत्रण आणि काही वेळा बर्नरच बदलावा लागतो, आणि तो बदल उत्पादकाने परवानगी दिलेल्या सुट्या भागांनीच, त्याच्या अधिकृत माणसाकडून व्हावा. काही हिटरना तो बदल करताच येत नाही. तसे असेल तर हिटर नवा घ्यावा. बदल झाल्यावर हिटरवरची जुनी पाटी काढून नव्या वायूची पाटी लावून घ्यावी, नाहीतर पाच वर्षांनी येणारा मिस्त्री फसेल.

गळती सांगणाऱ्या यंत्राकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. एलपीजी खाली बसतो म्हणून आपले यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर लावलेले असणार. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, साधारण निम्म्याहून थोडा अधिक घनतेचा, म्हणून तो छताकडे जातो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने पेटतो, आणि तोवर खालचे यंत्र गप्पच बसलेले असते. नव्या वायूसाठी मान्य असलेले यंत्र हिटर आणि मीटर यांच्या जवळ, छतापासून वीतभर खाली लावावे. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र मात्र वेगळे घ्यावे आणि माणसे बसतात त्या भागात श्वासाच्या उंचीवर लावावे, कारण तो वायू हवेइतक्याच वजनाचा असून सगळीकडे मिसळतो. हिटर सुरू होताच दोन्ही यंत्रांची चाचणीची बटणे दाबून पाहावीत आणि ते काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी तारीख व सही यंत्राशेजारीच टांगलेल्या वहीत करावी.

गळतीचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. बाहेरचा कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर न्यावे आणि फोन बाहेर गेल्यावरच करावा. एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक आहे; पाइपलाइनचा आपत्कालीन क्रमांक जोडणी देताना मागून घ्यावा आणि मुख्य कॉकच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावा, कारण ज्याच्या हातात त्या वेळी कॉक असेल त्यालाच तो लागणार आहे.